लायसनवाला माणूस

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. घरात हजर: मी; नवरा, पेपर वाचत; बारावीतली लेक, पांघरुणात; सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, न्हाणीत; आणि समोरच्या काकू, तिळगुळाचा डबा परत द्यायला आलेल्या आणि दारातच बोलत उभ्या राहिलेल्या. गैरहजर: माझा चुलत दीर. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या सकाळी जे झालं त्यात सगळ्यात मोठा हात त्याचा होता, आणि तो परतूरला कोणाच्या तरी साखरपुड्यात जेवत होता.

काकूंचं ऐकता ऐकता माझं लक्ष पाण्याच्या आवाजाकडे गेलं. बादली भरत असतानाचा आवाज वेगळा आणि भरून वाहतानाचा वेगळा. आमच्या जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. येईल तेव्हा ड्रम भरायचे, टाकी भरायची आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. आत्या तर डाळ धुतलेलं पाणीही झाडाला घालतात. त्यांच्या हातून बादली वाहणं शक्यच नाही.

"आत्या, बादली भरली," मी ओरडले.

उत्तर नाही. मी दार ढकललं.

दार ढकलता आलं, कारण आत्या न्हाणीची कडी कधीच लावत नाहीत. "म्हातारीला कोण येतंय बघायला," म्हणून नुसतं लोटून घेतात. आत त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान एका बाजूला पडलेली, तोंड अर्धवट उघडं, लुगडं भिजलेलं, आणि पायांवरून गरम पाणी वाहतंय. वर गॅसचा गिझर चालू. त्याच्या खिडकीतली ज्योत निळी असायला हवी, ती पिवळीजर्द होती. कंदिलाची काच काळी झाल्यावर येतो तसा वास आत भरला होता. मी आणि काकूंनी त्यांना बगलेत धरून ओढत मागच्या अंगणात आणलं. नवरा पेपर हातात घेऊनच धावला. मोकळ्या हवेत त्यांना उलटी झाली, आणि डोळे उघडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मला कामून भाईर आणलं? पाणी चालू हाय ना तिकडं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमचं सगळं ऐकून न घेताच विचारलं, "गॅस गिझर आहे का? न्हाणीतच? खिडकी?" मग त्यांनी समजावलं की नीट न जळणाऱ्या गॅसमधून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. वास येतो तो काजळीचा. बंद जागेत तो श्वासाबरोबर रक्तात जातो आणि माणूस झोप लागल्यासारखा जातो. "दाराला कडी असती तर तुम्ही त्यांना इथं आणलं नसतं," ते म्हणाले. "गिझर आजपासून बंद. लायसन असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. लायसन असलेल्या, ताई. आपल्या माणसाकडून नाही."

डॉक्टर तरुण होते, पण याच गावातले होते. त्यामुळे त्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे नळ गळला तर प्लंबर शोधत नाहीत, आपला माणूस शोधतात. वायरिंगला आपला माणूस, रंगाला आपला माणूस, तहसीलच्या खिडकीतसुद्धा आधी आपला माणूस बसलाय का ते बघायचं. त्याला काम येतं का, हा प्रश्न विचारला की घरचे असं बघतात जणू आपण कोणाच्या लग्नात उष्टं वाढलं. आमचा गिझरही आपल्याच माणसानं बसवला होता. माझा दीर मोटारी विकतो, वायरी ओढतो, डिशच्या छत्र्या लावतो, मधल्या काळात शेततळ्याचं प्लास्टिकही अंथरायचा. "सगळंच करतो की," असं नवरा कौतुकानं सांगतो. मला हे वाक्य तेव्हाही आवडत नसे. सगळं करणाऱ्या माणसाला कशाचंच उत्तर द्यावं लागत नाही.

संध्याकाळी दीर सफरचंदं घेऊन आला. आत्यांच्या पायाशी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, गिझरचं काही न्हाई बरं का. मोठ्या आईला बीपीचा झटका आला असंल. नाहीतर तिळाची पोळी बाधली."

"ज्योत पिवळी होती, भाऊजी."

"मंग दिवा काय निळा असतो का? इस्तव हाय तो."

नवरा हसला. आत्या समोर निपचित पडलेल्या आणि हा हसला.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली. मी शिक्षिका आहे, शाळेचं भांडारही माझ्याकडेच असतं, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी स्वतः उघडून बघायची सवय आहे. स्टूल घेतलं, टॉर्च घेतला, तोंडाला ओढणी बांधली. पहिली गोष्ट दिसली ती खिडकी. न्हाणीला वर जी झरोक्याची जाळी होती तिच्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला होता. आत्यांना वारं लागतं म्हणून दिरानंच तो मागच्या थंडीत लावला होता आणि कडेनं पांढरा सिलिकॉन इतका फासला होता की मुंगीही आत येऊ नये. दुसरी गोष्ट, गिझरच्या डोक्यातून धूर बाहेर नेणारी नळी. ती भिंतीतून बाहेर जायला हवी. ही वर गेली होती, माळ्याच्या भोकात. मी माळ्यावर चढले. नळी तिथंच संपत होती. दिरानं भिंत फोडायचा कंटाळा केला होता, आणि नळी खालून कुठंतरी जाताना दिसते एवढ्यावर आमचं समाधान झालं होतं.

नळीच्या तोंडात, माळ्याच्या फटीतून आत शिरलेल्या पारव्याचं घरटं होतं. काड्या, विष्ठेचे थर, केस, कोणाच्या तरी झाडूचे तुकडे, आणि त्यात चिकटून वाळलेलं एक पिलू. मी हातमोज्यानं ओढलं तर सगळं गच्च एका गोळ्यात आलं, खाली चिकट काळी राळ. पिलाची चोच त्या राळेत रुतलेली होती. या भोकातून निघालेला धूर परत खाली न्हाणीत येत होता आणि आम्ही त्यात अंघोळ करून, अंगाला साबणाचा वास लावून बाहेर पडत होतो. मी खाली उतरून मोरीत ओकले.

लेक दाराशी उभी होती. म्हणाली, "म्हणजे आई, अंघोळीनंतर माझं डोकं दुखायचं ते यामुळं? बाबा तर म्हणत होते मोबाईलनं दुखतं."

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

आता काम काय होतं ते स्पष्ट होतं. आत्या अंघोळीशिवाय राहत नाहीत. ताप असो, थंडी असो, आधी अंघोळ, मग बुद्धवंदना, मग चहा. गार पाणी त्यांच्या छातीला चालत नाही. गिझर बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्याचं पातेलं पदरात धरून न्हाणीकडे निघालेल्या मला सापडल्या. "तू शाळेत असलीस तं मी काय पारोशी बसू?" असं मलाच विचारलं. म्हणजे घाई होती. आत्यांना त्या न्हाणीत बसता आलं पाहिजे आणि जिवंत उठून बाहेर येता आलं पाहिजे. एवढंच. त्यासाठी एक लायसन असलेला माणूस हवा होता, आणि माझी अशी समजूत होती की जिल्ह्याच्या गावात तो मिळेल.

पहिला माणूस हार्डवेअरच्या दुकानदारानं पाठवला. मोटारसायकलवरून आला, चप्पल न काढता न्हाणीपर्यंत गेला, आणि बेसिनमध्ये गुटखा थुंकला. माझ्या बेसिनमध्ये. मग म्हणाला, "हां, बोला मॅडम."

"आधी लायसन दाखवा."

"हाय ना." त्यानं पाकीट काढलं, पाकिटातून गाडी चालवायचं लायसन काढलं आणि माझ्या हातात दिलं. "बघा, फोटो बी माझाच हाय."

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. चेहरा अगदी सरळ होता.

"हे गाडीचं आहे. मला गॅसचं पाहिजे."

"माझी गाडी गॅसवर न्हाई मॅडम, पेट्रोलवर हाय."

लेक आत पळाली, हसू दाबत. मलाही कदाचित हसू आलं असतं, पण तोवर त्यानं गिझरची गॅसची नळी ढिली केली होती आणि खिशातून काडीपेटी काढली होती.

"हे काय करताय?"

"काडी लावून बघतो ना. लीक आसलं तर लगेच कळतं."

मी त्याच्या हातातून काडीपेटी घेतली, नळी परत आवळली आणि त्याला दाराबाहेर काढलं. तो फाटकातून ओरडला, "भरोसाच न्हाई तं बोलावलं कशाला?" त्यानंतर बेसिन फिनाईलनं दोनदा धुतलं, तरी त्या दिवशी मी तिथं तोंड धुतलं नाही.

दुसऱ्याच्या दुकानातच गेले, म्हटलं आधी लायसन बघू, मग घरी बोलावू. नव्या मोंढ्याकडे छोटंसं दुकान, बाहेर गिझर, मिक्सर, पंखे उलटे टांगलेले. लायसन विचारल्याबरोबर मालकानं अभिमानानं वर बोट दाखवलं. देवांच्या तसबिरींच्या रांगेतच एक फ्रेम होती, तिलाही झेंडूचा हार, काचेवर उदबत्तीचा तेलकट थर. मी स्टूल मागितलं, वर चढून रुमालानं काच पुसली आणि वाचलं. शॉप अॅक्टचं लायसन होतं. व्यवसायाचं स्वरूप: झेरॉक्स व स्टेशनरी.

"हे झेरॉक्सचं आहे."

"पहिले झेरॉक्स होतं ना आपलं. धंदा बदलला, लायसन तेच ठेवलं."

"पण मग ते याला चालत नाही."

"कामून न्हाई चालत? रोज पूजा करतो त्याची," तो दुखावून म्हणाला. "तुम्ही पहिल्याच बाई, हार बाजूला करून वाचलं."

तिसरा फोनवर भेटला. आवाज बराच समजूतदार वाटला. बोलताना 'सेफ्टी' हा शब्द वापरत होता. मी विचारलं, "लायसन तुमच्या नावावर आहे?"

"लायसनवाला माणूस हाय ना आपल्याकडं. जाफराबादला राह्यतो."

"मग त्यांनाच पाठवा."

"ते येत न्हाईत मॅडम. काम मी करतो. पावतीवर त्यांचा शिक्का मारून देतो, बराबर."

"मग ते काय करतात?"

मग अगदी साध्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं, "ते काही करत न्हाईत मॅडम. ते लायसन हाईत."

मी फोन ठेवला.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांचे यजमान सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. त्या म्हणाल्या, "लोखंडाचं पाणी करणाऱ्या भट्ट्या आमच्या गावात, ट्रकच्या ट्रक सळया भाईर जातात, आन एक न्हाणीतली भट्टी बराबर करणारा माणूस मिळंना. आमच्या यांनाच पाठवू का?" मग थोडं थांबून, "नको. ते बी काडीच लावतील."

गॅस एजन्सीत गेले. तिथं खिडकीतल्या मुलानं नोंद घेतली आणि खरोखर दुसऱ्या दिवशी माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, त्यावर फोटो, सही, शिक्का. मला इतकं बरं वाटलं की चहा टाकला. त्यानं स्वयंपाकघरातल्या शेगडीची नळी बदलली, साबणाच्या फेसानं सांधा तपासला, कागदावर माझी सही घेतली, चहा प्यायला आणि उठला.

"आणि गिझर?"

"गिझर आमच्यात येत न्हाई."

"गॅस तुमचाच आहे ना?"

"टाकीपासून शेगडीपर्यंत आमचा. गिझरचा गॅस गिझरच्या कंपनीचा."

सिलिंडर एकच होतं. शेजारी शेजारी दोन नळ्या निघत होत्या. तो एका नळीपुरता जबाबदार होता, आणि दुसरीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मान वळली तर जबाबदारी लागेल अशा बेतानं, कडेकडेनं निघून गेला.

मग कंपनी. कंपनीच्या फोनवर बाई हिंदीत बोलतात आणि आधी पिनकोड विचारतात. तक्रार नोंदवली. संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला की तुमच्या तक्रारीचं समाधान झालेलं आहे. कोणी आलं नव्हतं. दाराची बेलसुद्धा वाजली नव्हती. पुन्हा फोन, पुन्हा पिनकोड, पुन्हा समाधान. तिसऱ्या वेळी मी त्या बाईला सांगितलं, "बहनजी, हमारी सास उस बाथरूम में मरते मरते बची है, और आपका समाधान हो रहा है." माझं हिंदी शाळेतलं आहे, पण पोहोचलं. चौथ्या दिवशी संभाजीनगरहून माणूस आला.

हा खरा होता. ओळखपत्र मी फोटो काढून कंपनीला पाठवलं, नाव आणि क्रमांक जुळवून घेतला, तोवर त्याला अंगणात थांबवलं. तो चिडला. "मॅडम, मी चोर हाय का?" मी म्हटलं, "चोर असतात तर सोपं होतं, चोर लायसन असल्याचं सांगत नाहीत." न्हाणीत गेला, गिझरचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, वर बघितलं, झरोका बघितला आणि झाकण परत लावलं. पाना पिशवीतून काढलाच नाही.

"हा दुरुस्त व्हायचा नाही. आतलं सगळं जळून गेलंय. आणि हा इथं लावायचाच नव्हता. पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय, हवा खेळती पाहिजे, धूर भिंतीबाहेर पाहिजे. पुस्तक वाचलं नाही का?"

पुस्तक दिरानं खोक्याबरोबर नेलं होतं. खोकं त्याला चांगलं वाटलं होतं.

त्यानं गिझरवर लाल चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं: धोकादायक, वापरू नये. मी विचारलं, नवा कुठं बसवायचा. तो मोबाईल पुढं करून म्हणाला, "आधी ओटीपी सांगा आणि पाच स्टार द्या, मग सांगतो."

लायसनवाला माणूस मिळाला होता, आणि तोही असा. मी म्हटलं, "आधी जागा दाखवा, खूण करा, मग स्टार." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी त्यानं खडू घेतला आणि मागच्या अंगणातल्या भिंतीवर चौकोन काढला. गिझर बाहेर, आत फक्त पाण्याची नळी. इतकं सोपं. चार स्टार दिले. तो जाईपर्यंत पाचव्यासाठी भांडत होता.

नवा गिझर त्यानंच येऊन बसवला. झरोक्यावरचं प्लास्टिक मी स्वतः सुरीनं कापून काढलं, जाळी घासली. आत्या पहिल्यांदा न्हाणीत गेल्या तेव्हा मी बाहेर उभी राहिले. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. आत पाण्याचे तांबे पडत होते आणि त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मग आतून आवाज आला, "जा की आता शाळेला. न्हाते का मरते ते बघायला उभी हायस का?"

मी बस पकडली. त्या दिवशी वर्गात शिकवताना किती तरी दिवसांनी माझं लक्ष वर्गात होतं.

जुना गिझर मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता, लाल चिठ्ठीसकट. नवऱ्याला सांगितलं होतं की भंगारवाल्याला देण्याआधी त्याची नळी हातोडीनं ठेचायची, झाकण वाकवायचं, म्हणजे कोणी परत वापरणार नाही. "हो हो," म्हणाला. एका संध्याकाळी घरी आले तर जागा रिकामी होती.

"ठेचला का?"

"भाऊनं नेला. जड होता ना. तो म्हणला भंगारात टाकतो."

"ठेचला का, ते विचारलं."

"अगं, आपलाच माणूस आहे, फेकून देईल की."

मी तेव्हाच दिराला फोन लावला. "हाव वैनी, टाकला," म्हणाला. मी ते खरं धरलं आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतरच्या रविवारी दीर चहाला आला. आत्या पलंगावर बसून गहू निवडत होत्या. त्यांनीच सहज विचारलं, "काय रे, त्या डब्याचं काय आलं मोडीत?"

दिराला वाटलं असेल कौतुक होईल. बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मोडीत कोण टाकतं मोठी आई? चांगला चालता गिझर. बिलकुल साफ केला, घासूनपुसून, बसवून दिला एका घरी. फस्टक्लास चालून राह्यला."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"चिठ्ठी होती त्याच्यावर," मी म्हणाले.

"थिनरनं निघाली ना. डाग बी न्हाई राह्यला."

"कुठं बसवला? आतच?"

"मंग काय अंगणात बसवू? गिझर न्हाणीत असतो, वैनी."

"कोणाच्या घरी?"

"आपलाच माणूस हाय."

नवरा म्हणाला, "अरे, सांग ना बाबा," पण असं म्हणाला जसं कोणाला अजून एक पोळी घे म्हणतात. दीर हसला. बशीतला चहा त्याच्या मिशीला लागला होता आणि ती मिशी जिभेनं चाटत तो हसत होता. घरात आलेलं, आमच्या रक्ताचं, सफरचंदं आणणारं, मोठ्या आईच्या पायाशी बसणारं माणूस. मला माळ्यावरची ती राळ आठवली, हातमोज्याला चिकटलेली, कितीही धुतली तरी न जाणारी.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. "लेकरं हाईत का रे त्या घरी?"

"लेकरं न्हाईत. घरमालक वर राह्यतात. खाली पोरी हाईत भाड्यानं, नर्सिंग शिकणाऱ्या."

"पोरी?" आत्या म्हणाल्या. त्यांनी न्हाणीच्या दाराकडे बघितलं. "पोरी तं कडी लावत असतील."

बाहेर नळाची वाट बघणाऱ्या बायकांचे आवाज येत होते.

"भाऊजी, आत्ता उठा. आपण जाऊन तो काढून आणू. नवा मी घेऊन देते."

त्यावर मात्र तो खरोखर चिडला. "माझं नाव खराब करता का वैनी? त्यांनी विचारलं का खराब होता म्हणून तं काय सांगू? मोठी आई आता चांगली हाय ना? मंग झालं की. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत लायसन लागतं. नातं-गोतं काही हाय का न्हाई?"

चप्पल घालून निघून गेला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. नवऱ्याचा उचलतो, आणि नवरा "उद्या नक्की विचारतो" म्हणतो. काल मी त्याला समोर बसवून फोन लावायला लावला. दोघं सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, कोणाच्या तरी लग्नाच्या तारखेबद्दल बोलले. मी खुणा करत होते. त्यानं हातानं मला थांब असं दाखवलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, "असं एकदम कसं विचारायचं? त्याला वाईट वाटंल." मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. त्याच्या शेजारी बसवेना.

मला जेवढं करता आलं तेवढं केलं. नर्सिंगच्या कॉलेजात जाऊन तिथल्या मुख्य बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलींचे पत्ते आमच्याकडे नसतात, पण फळ्यावर सूचना लिहिते. सूचना लिहिली गेली. मी स्वतः बघितली: 'गॅस गिझर वापरताना काळजी घ्यावी.' काळजी घ्यावी म्हणजे काय करावं, ते लिहिलं नव्हतं. मी खडू मागून खाली लिहिलं, 'खिडकी उघडी ठेवा. ज्योत पिवळी दिसली तर बंद करा. कडी लावू नका.' शिपाई म्हणाला, "मॅडम, मुलींना असं लिहिता का, कडी लावू नका?" मी बाहेर पडेपर्यंत तो शेवटचं वाक्य पुसत होता.

पोलीस चौकीत गेले. तिथं विचारलं, कोणाच्या विरुद्ध तक्रार आणि काय घडलं. घडलं नाही अजून, म्हटलं. मग घडल्यावर या, असं कोणी म्हणालं नाही, पण पेन परत खिशात गेलं. मग कॉलेजभोवतीच्या गल्ल्या घेतल्या. शाळेतून आल्यावर रोज थोड्या. खाली भाडेकरू पोरी असलेली घरं विचारते, बेल वाजवते, गिझर कुठला आहे दाखवा म्हणते. बहुतेक मुली घाबरतात. काहींनी दाखवला. एका घरी विजेचा निघाला, एका घरी गिझरच नव्हता. एका घरमालकानं मला "तुमच्याकडं लायसन हाय का तपासायचं?" असं विचारलं, आणि मी पुढच्या घराकडे वळले.

थंडी अजून आहे. सकाळी आत्या न्हाणीतून आल्या, केस पुसता पुसता त्यांनी विचारलं, "घावलं का गं ते घर?"

"नाही, आत्या."

"कोन्ता भाग राह्यला?"

"रेल्वे स्टेशनकडचा. आणि कारखान्यांकडच्या गल्ल्या."

"मंग आज तिकडून ये," त्या म्हणाल्या, आणि वंदनेला बसल्या.

आज तिकडून यायचं आहे.